सुपरग्लू, निघालेला सोल आणि कात्रीने कापलेली स्लिंग

मागच्या भागानंतर ज्या व्हॉइस नोट आल्या त्यातल्या निम्म्या एकाच प्रश्नाच्या होत्या: "दादा, जुने ट्रेकिंगचे बूट माळ्यावरून काढलेत, चालतील ना?" म्हणून आजचा हा भाग. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे मीटिंग चालू असताना गुपचूप वाचतात (मीही त्यातलाच), त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना मी दोनदा विषय सोडून मिसळीवर गेलो होतो, तेवढं कापलंय.

उत्तर द्यायच्या आधी एक कबुली द्यायचीय. नोव्हेंबरमधली गोष्ट. मी आणि माझा रूममेट, त्याला पक्या म्हणू, हरिहरला जाणार होतो. आदल्या रात्री अकरा वाजता पक्याने बूट काढले तर उजव्या बुटाचा सोल पुढून अर्धा इंच उघडलेला. दुकानं बंद. मी म्हटलं, आण इकडे. ड्रॉवरमधून सुपरग्लूची ट्यूब काढली, पिळली, वर डिक्शनरीएवढी जाड दोन पुस्तकं ठेवली. सकाळी बूट एकदम टाइट. मी त्याला शब्द दिला, "टिकेल रे, बिनधास्त."

हरिहर ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. त्र्यंबकच्या पुढे निरगुडपाड्यातून वर गेलं की कातळात कोरलेल्या त्या पायऱ्या लागतात, शिडीसारख्या उभ्या, आणि हाताने धरायला दोन्ही बाजूंना खोबण्या. चढताना काही वाटत नाही. उतरताना तोंड कातळाकडे करून, पाय खाली चाचपत यावं लागतं. आम्ही वर पोचलो, डबे खाल्ले, आणि परत पायऱ्यांच्या तोंडाशी आलो तर पक्याचा सोल पुढून टाचेपर्यंत सुटून जिभेसारखा लोंबत होता.

आता विचार करा. डोळ्यांना पायरी दिसत नाही, पायाने चाचपताय, आणि पायाच्या आधी तो लोंबता सोल पायरीवर दुमडतोय. मी सॅकमधली नाडी काढून बूट बांधायला लागलो. बांधून झाल्यावर पक्याने एक पाऊल टाकून बघितलं आणि बूट काढलेच. दोन्ही. मोजेही. कातळ कोरडा होता, खोबण्या चांगल्या होत्या. तो अनवाणी उतरला, मी त्याच्या खाली एक-एक पायरी त्याचा पाय धरून ठेवत. पायऱ्या संपल्यावर, पुढच्या जंगलातल्या वाटेसाठी, तो नाडीने बांधलेला बूट मस्त चालला. पायथ्यापर्यंत टिकला.

तर आता ग्लूचं नेमकं काय चुकलं? सुपरग्लू सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. कपाचा कान जोडायला ठीक. बूट मात्र प्रत्येक पावलाला पंजाच्या रेषेत वाकतो, हजारो वेळा. कडक थर वाकत नाही, तडकतो. इथे चामडं-रबर जोडणारं ते पिवळट सोल्यूशन लागतं, चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे डब्यात असतं तेच. ते सुकल्यावरही रबरासारखं लवचिक राहतं. पद्धत मात्र नीट हवी: जुना ग्लू खरवडायचा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासायच्या, धूळ पुसायची, दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा आणि मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडून जोरात दाबायचं. आपण काय करतो, ओलं असतानाच चिकटवतो, मग आतला द्रव उडून जायला जागाच राहत नाही. त्यानंतर सीबीएसजवळ बसणाऱ्या काकांकडून सोलच्या कडेने गोल शिलाई मारून घ्या. नवीन बुटांनाही मारून घ्या, मी सरळ सांगतो. शिलाईला होणारा खर्च पायथ्याच्या चहाभज्यांपेक्षा फार नाही.

पण माळ्यावरच्या बुटांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो जास्त वाईट आहे. बऱ्याच बुटांत पाय आणि खालचं रबर यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतली वाफ वर्षानुवर्षं त्या फोमच्या साखळ्या तोडत राहते. याला हायड्रोलिसिस म्हणतात, अकरावी-बारावीत आपण पाठ केलेलं तेच. गंमत म्हणजे रोज वापरलेला बूट कधीकधी जास्त टिकतो, आणि खोक्यात बंद करून दमट माळ्यावर ठेवलेला, एकदम नवा दिसणारा बूट आतून पापडासारखा झालेला असतो. म्हणून तो घरी तुटत नाही, ट्रेकच्या दुसऱ्या तासाला तुटतो. बरेचदा दोन्ही एकाच दिवशी, कारण दोघांचं वय एकच.

ओळखायचं कसं? अंगठ्याच्या नखाने मधला फोम जोरात दाबा. दबून परत वर आला तर ठीक. खूण तशीच राहिली, बारीक भेगा दिसल्या किंवा चुरा हाताला लागला तर संपलं. मग बूट पंजातून पूर्ण दुमडून बघा. फोमलाच चीर जात असेल तर कुठलंही सोल्यूशन, कुठलीही शिलाई उपयोगाची नाही, कारण चिकटवणार कशाला? चुऱ्याला? फक्त जोडाच्या रेषेवर उघडलं असेल तरच दुरुस्ती. आणि काही बुटांत ईव्हीए फोम असतो, तो असा कुजत नाही, पण दबून चपटा होतो. मग गुडघे तक्रार करतात.

वाटेतच सोल निघाला तर चिकटपट्टी सोलखालून गुंडाळू नका. आपला बेसॉल्ट तिला शंभर पावलांत खाऊन टाकतो. नाडी किंवा बारीक दोरी बुटाच्या कमानीतून घ्या, टाचेच्या जरा पुढे, जिथे सोल जमिनीला टेकत नाही. तिथे ती घासली जात नाही. पुढचा पंजाही एकदा बांधावा लागतो, तो झिजेल, म्हणून जास्तीची नाडी जवळ ठेवा. आणि हे जंगलवाटेपुरतं. उभ्या पायऱ्यांवर गोल दोरी पायाखाली लाटण्यासारखी फिरते.

इथे दुसरी गोष्ट येते, जी मला सांगायला जास्त लाज वाटते.

अलंग-मदन-कुलंगच्या ट्रेकची तयारी चालू होती. अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ च्या सुमारास सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे तिथे रॉक पॅच आहेत आणि दोर लागतो. आमच्या सामानात एक स्लिंग होती, शिवलेल्या पट्टीचं गोल कडं, तिची शिलाई एका टोकाला उसवायला लागली होती. मी इंजिनिअर ना. घरी बसून, जाड सुईने, दुहेरी दोऱ्याने, तीन ओळी शिवल्या. एवढी सुबक शिलाई की फोटो ग्रुपवर टाकला. बरेच अंगठे आले.

आमचे लीडर पन्नाशीचे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. सामान तपासताना त्यांनी ती स्लिंग हातात घेतली, उलटी-पालटी केली आणि विचारलं, "कोणी शिवली?" मी कौतुकाच्या तयारीत. त्यांनी फर्स्ट एडच्या बॉक्समधून कात्री काढली आणि स्लिंगचे तीन तुकडे केले. एक नाही, तीन. मी म्हटलं, "काका, टेस्ट केली होती, मी लटकलो होतो त्याला." ते म्हणाले, "तू लटकलास. पडला नाहीस ना अजून."

तेव्हा राग आला. नंतर आकडे वाचले. शिवलेल्या स्लिंगला युरोपियन मानकाप्रमाणे किमान २२ किलोन्यूटन सोसावं लागतं, म्हणजे साधारण २२०० किलोचं ओझं. ती ताकद कारखान्यातल्या मशीनच्या दाट शिलाईत असते, कुठला दोरा, किती टाके, सगळं ठरलेलं. माझं वजन ७२ किलो. ७२ किलोला टिकलं म्हणजे पडण्याच्या झटक्याला टिकेल असं नाही. शिवाय जाड सुईने मी पट्टीतलेच धागे भोसकले होते. तुकडे तीन का, हेही नंतर कळलं: एक तुकडा केला असता तर कुणीतरी गाठ मारून परत वापरली असती. बहुधा मीच.

त्या दिवसापासून माझ्याकडे दोन पिशव्या आहेत. एकीत जुगाड चालतो, दुसरीत चालत नाही. दोर, हार्नेस, स्लिंग, कॅराबिनर दुसरीत. यांना मी शिवत नाही, चिकटवत नाही, ठोकून सरळ करत नाही. कॅराबिनरच्या अंगावर आकडे कोरलेले असतात ते वाचा. लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन किंवा जास्त, पण आडवा किंवा तोंड उघडं असताना ७ च्या आसपास. किल्ल्या अडकवायचा रंगीत कॅराबिनर कितीही गोड दिसू दे, त्यावर असले आकडे नसतात. आणि दोर गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ ठेवू नका. बॅटरीतलं ॲसिड नायलॉन कमजोर करतं आणि बाहेरून काही दिसेलच असं नाही. कुणी "थोडा डाग आहे फक्त" म्हणालं तर मी त्या दोराचा कपडे वाळत घालायला उपयोग करतो.

पहिल्या पिशवीत मात्र मजा आहे. सॅकची चेन बंद होऊनही मागे उघडत जाते? दात खराब नसतात, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही मागच्या कडा हलकेच दाबा, हलकेच, नाहीतर तो तुटतो. अडकत असेल तर मेणबत्ती घासा. बकल तुटलं तर दोन केबल टाय. चिकटपट्टीचं अख्खं रीळ न्यायची गरज नाही, पाण्याच्या बाटलीवर दोन मीटर गुंडाळून ठेवा. सायकलच्या फुटक्या ट्यूबची बोटाएवढी पट्टी ओल्या पावसातही पेटते, चूल लावायला भारी. (वास घेऊ नका, आणि तव्याखाली नको.) हेडटॉर्चचा एक सेल उलटा घालून ठेवा म्हणजे सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन रात्री अंधार होत नाही. फोन एअरप्लेन मोडवर. घाटमाथ्यावर रेंज शोधण्यातच अर्धी बॅटरी जाते. सॅकवरच्या रेनकव्हरवर भरवसा नको, पाठीकडून पाणी येतंच. आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं त्यात भरा. आणि टाच गरम लागायला लागली की लगेच थांबून कापडी मेडिकल टेप लावा. फोड आल्यावर लावून काय उपयोग, तेव्हा तो फक्त काढताना जास्त दुखतो.

पक्याने नंतर नवीन बूट घेतले. घरी आल्या आल्या त्याने ते माझ्यासमोर पंजातून दुमडले, नखाने फोम दाबला, आणि सुपरग्लूची ट्यूब माझ्या ड्रॉवरमधून उचलून स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवली. ती अजून तिथेच आहे. मागितली तर देत नाही.

पुढच्या रविवारी रेनकोट की पोंचो, यावर बोलू. तोवर माळ्यावरचे बूट काढा आणि नख लावून बघा. चुरा निघाला तर फोटो पाठवा.