डॉक्टर थोडा वेळ मोकळे बसले तर?

सरकारी रुग्णालयात केसपेपरची खिडकी उघडण्याआधीच रांग लागलेली असते. केसपेपर झाला की डॉक्टरांच्या दाराशी, तिथून रक्त तपासणीला, मग औषधांच्या खिडकीशी. तपासणी पाच मिनिटांची. पण रोजंदारीवर जाणाऱ्याचा त्यात अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. पुढचे दुखणे अंगावर काढायचे, हे अनेकदा याच रांगेत ठरते.

डॉक्टर कमी, रुग्ण जास्त, हे यावरचे ठरलेले उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. डॉक्टर पुरेसे असूनही रांग लागते. त्याचे गणित शंभर वर्षांहून जुने असून ते टेलिफोन कंपनीत जन्माला आले. लोकांचे फोन कधीही, कसेही येतात. पण त्या बेशिस्तीलाही नियम असतो, हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये मांडले. किती लाइन ठेवल्या म्हणजे ग्राहकाला ताटकळावे लागणार नाही, याची सूत्रेही त्यांनी पुढे दिली. रांगांचे हे शास्त्र आज ऑपरेशन्स रिसर्च या विषयाचा महत्त्वाचा भाग आहे.

हेच गणित ओपीडीला लावून पाहू. एका रुग्णाला सरासरी पाच मिनिटे लागतात. पण कुणाचे दोन मिनिटांत आटोपते, कुणाला पंधरा लागतात. रुग्णही मनाला येईल तेव्हा येतात. अशा वेळी डॉक्टरांचा ८० टक्के वेळ कामात जात असेल, तर रुग्णाला सरासरी २० मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के झाला की ४५ मिनिटे, आणि ९५ टक्क्यांवर दीड तासाहून जास्त. काम थोडेसेच वाढते, रांग मात्र दुपटीने. कारण सकाळी रिकामी गेलेली दहा मिनिटे शिलकीत टाकून दुपारी वापरता येत नाहीत. साचलेली गर्दी मात्र मागच्यांच्या माथी येते. येणारे काम शंभर टक्क्यांच्या वर गेले, तर रांग वाढतच राहते. तिथे गणित हात टेकते, डॉक्टरच वाढवावे लागतात.

इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. तिथल्या रुग्णालयांत अपॉइंटमेंट होत्या, तरी लोक ताटकळत होते. संगणक हाताशी नसताना बेली यांनी तपासणीच्या वेळांची आकडेवारी आणि यादृच्छिक संख्यांचे तक्ते घेऊन कागदावरच ओपीडी चालवून पाहिली. त्यांचा तोडगा अगदी साधा होता: सुरुवातीला दोन रुग्ण बोलवा, नंतर सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतराने एकेक. यात डॉक्टर अधूनमधून क्षणभर मोकळे राहतात, पण रुग्णांचा खोळंबा कितीतरी पटीने घटतो. डॉक्टरांचा एक क्षणही वाया जाऊ नये म्हणून सगळ्यांना सकाळीच बोलावून ठेवायचे, म्हणजे रुग्णाच्या वेळेची किंमत शून्य धरायची.

उशिराचा हिशेबही असाच. ९० टक्के भरलेली ओपीडी अर्धा तास उशिरा सुरू झाली, तर तो अनुशेष दर तासाला सहा मिनिटांनीच कमी होतो. म्हणजे भरून निघायला पाच तास. तोवर ओपीडी बंद होण्याची वेळ होते.

काही उपायांना पैसा लागत नाही. एकाच विभागात दोन डॉक्टर असतील, तर दोन दारांशी दोन रांगा कशाला? एकच रांग ठेवून जो मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा रुग्ण पाठवला, तर वरच्या उदाहरणातली ४५ मिनिटांची वाट २१ मिनिटांवर येते. अर्थात जुना रुग्ण आपल्याच डॉक्टरांकडे जाऊ इच्छितो, आणि त्याचे चूक नाही. नव्या रुग्णांपुरती तरी एक रांग करता येईल.

२०२२ पासून अनेक सरकारी रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी होऊ लागली आहे. सोय चांगलीच, पण केसपेपरची रांग लवकर सरकली आणि पुढे डॉक्टर तेवढेच, वेळही तीच, तर गर्दी फक्त एका दारातून दुसऱ्या दाराशी जाते. खरा फायदा नोंदणीबरोबर येण्याची वेळही मिळाली तर. आणि सगळ्याच वेळा मोबाइलवर वाटून टाकायच्या नाहीत. गावाहून सकाळच्या पहिल्या एसटीने येणाऱ्याला दुपारी दोनची वेळ घरबसल्या घेता येत नाही. परतीची गाडी कधी आहे, हे पाहूनच तो निघालेला असतो. अशांसाठी रोज काही जागा राखून ठेवाव्या लागतील. किती, हे आधीच्या महिन्यांच्या केसपेपर नोंदवहीतून काढता येते.