उबुंटू अपग्रेड करू की राहू दे?

सातारा-सांगलीकडच्या लिनक्सवाल्यांनो, "नवीन व्हर्जन टाकू का?" हे विचारण्याआधी सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडून आपलं व्हर्जन बघा.

२०.०४ असेल तर विषयच संपला. त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये थांबला. (उबुंटू प्रो घेतलं तर २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात; घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट.) २२.०४ वाले २०२७ पर्यंत निवांत, २४.०४ वाले २०२९ पर्यंत. सगळं नीट चालत असताना केवळ नवं आलंय म्हणून हात घालू नये, हे माझं ठाम मत.

२०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ करावंच लागतं. त्यापेक्षा बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल केलेलं सुटसुटीत. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. वाय-फाय, प्रिंटर बघा आणि मराठी कीबोर्ड लावून 'दुसऱ्या' टाइप करा. त्यातला अर्धा र नीट उमटतो का, हे मराठीत काम करणाऱ्याला महत्त्वाचं.

आणि हो, यूपीएस नसेल तर वळवाच्या दिवसांत दुपारनंतर अपग्रेड सुरू करू नका. मध्येच लाइट गेली की पंचाईत. सकाळी लवकर उरका.

तुमच्याकडे कुठलं व्हर्जन आहे, कमेंटमध्ये सांगा.