किनारा न ओलांडताही घाव घालणारे वादळ

प्रशांत महासागरात ज्याला ‘टायफून’ म्हणतात, त्यालाच आपण चक्रीवादळ म्हणतो. समुद्र बदलला की नाव बदलते. वादळाचा जन्म आणि अंत मात्र सारखाच. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘हैयान’ टायफूनने फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक बळी घेतले. टॅक्लोबान शहरात वाऱ्यापेक्षा आत घुसलेला समुद्रच अधिक घातक ठरला.

अरबी समुद्राने मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या रूपाने याच जातीचे संकट दाखवले. साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या पाण्याची वाफ हे अशा वादळाचे इंधन. १४ मे रोजी लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा तीव्र पट्टा म्हणून जन्मलेले ‘तौक्ते’ उत्तरेकडे सरकत बळावत गेले आणि १७ मेच्या रात्री दीव-उना परिसरात जमिनीवर आले. जमिनीवर येताच बाष्पाचा पुरवठा तुटला व ते क्षीण होत गेले.

गोव्याच्या किनाऱ्यावर ते धडकलेच नाही. तरीही १६ मे रोजी येथे झाडे उन्मळली, वीज खंडित झाली, जीवितहानीही झाली. दुसऱ्या दिवशी मुंबईनजीकच्या समुद्रात ‘पी-३०५’ ही बार्ज बुडाली. तिच्यावरील २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक दगावले. याचे कारण वादळाच्या फिरण्यात आहे. उत्तर गोलार्धात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ उत्तरेकडे जात असता त्याच्या उजव्या अंगाला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या गतीची भर पडते. गोवा, कोकण, मुंबई आणि सुरत या उजव्या अंगालाच होती.

सुरतेपुढे आणखी एक प्रश्न असतो. उजव्या अंगाचे दक्षिणेकडून येणारे वारे निमुळत्या खंभातच्या आखातात पाणी लोटतात. त्याच वेळी भरती असली, तर तापीच्या पाण्याचा निचरा अडू शकतो. नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. उकाई धरणाच्या विसर्गाने ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली, तो पूर चक्रीवादळाचा नव्हता. पण पाण्याला वाट मिळाली नाही तर काय होते, हे शहराने तेव्हा अनुभवले.

म्हणून इशारा वाचताना वादळ कोठे धडकणार एवढेच पाहून भागत नाही. आपला किनारा त्याच्या कोणत्या अंगाला आहे आणि भरतीची वेळ कोणती, हेही पाहावे. ‘वादळ दूरून जाणार’ याचा अर्थ ‘आपण सुरक्षित’ असा होत नाही.