जुना संगणक घेतला, पण पासवर्ड कुठाय?

मंडळी, इथे देवरूखात असो की रत्नागिरीत, आपण मुलांसाठी जुना संगणक घेतो, घरी आणून चालू करतो आणि समोर येतो पासवर्ड! अशा वेळी आधी बघायचं, की कुलूप कुठलं आहे. ती तीन प्रकारची असतात.

पहिलं विंडोजचं. आतलं सामान आपलं नाहीच, मग दार उघडायची खटपट कशाला? दुसऱ्या संगणकावरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं विंडोज घ्यायचं, त्यावरून आपला संगणक सुरू करायचा, डिस्क पुसायची आणि विंडोज नव्यानं टाकायचं. डिस्कवर बिटलॉकर असलं, तर ४८ अंकी किल्लीशिवाय जुनी माहिती वाचता येत नाही; पण डिस्क पुसता येतेच.

दुसरं बायोसचं. ते विंडोजच्याही आधी अडवतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये वीज बंद करून मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटणासारखा सेल थोडा वेळ काढला, की बरेचदा ते जातं. लॅपटॉपमध्ये मात्र हा पासवर्ड बहुधा वेगळ्या चिपमध्ये असतो. तिथे सेल काढून उपयोग होत नाही.

तिसरं ॲपलचं ॲक्टिव्हेशन लॉक. डिस्क पुसली तरी ते राहतं. मूळ मालकानं आपल्या खात्यातून यंत्र काढलं, की सुटतं.

म्हणून पैसे देण्याआधी यंत्र विकणाऱ्याकडूनच चालू करून घेऊ या, बिलही मागू या. पासवर्ड सांगायला तो का-कू करत असेल, तर माल कदाचित त्याचा नसेलच. मग पैसे खिशातच राहू देत!