खाड्या ओलांडा फेरीबोटीने

पाठीवर सॅक टाकून कोकण किनाऱ्याने निघालेल्या दोघा मित्रांचा वेळ आणि पैसा सर्वाधिक वाचवतात त्या फेरीबोटी. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना राजपुरी, बाणकोट, दाभोळ आणि जयगडच्या खाड्या अशा पार होतात. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं तर चिपळूणचा लांबलचक वळसा. बोटीने पैलतीर काही मिनिटांवर.

पुढचा टप्पा एसटीचा. आडगावांना गाड्या मोजक्याच, त्यामुळे शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारावी.

कोकण रेल्वे १९९८पासून पूर्ण मार्गावर धावते, पण किनाऱ्यापासून बरीच आतून. स्टेशनवरून रिक्षा केलीच, तर भाडं दोघांत विभागतं. घरगुती खोलीचंही तसंच.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मासळीच्या थाळीसाठी हिवाळाच गाठावा.