मॅकवरच्या लायब्रऱ्यांची चुकामूक

मॅक ओएस टेन मार्च २००१मध्ये बाजारात आली आणि पोटात युनिक्स असलेल्या या मशीनवर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आपापले संसार थाटले. ॲपलच्या लायब्रऱ्या ‘/यूएसआर/लिब’मध्ये होत्या. फिंक या पॅकेज मॅनेजरने बीटा आवृत्तीच्या दिवसांतच, २००० सालच्या अखेरीस, ‘/एसडब्ल्यू’ ही जागा धरली होती. २००२मध्ये त्याच कामाचे डार्विनपोर्ट्स, म्हणजे आजचे मॅकपोर्ट्स, आले. त्यांनी ‘/ऑप्ट/लोकल’ घेतली. हाताने ‘मेक इन्स्टॉल’ करणाऱ्यांचा माल रिवाजाप्रमाणे ‘/यूएसआर/लोकल’मध्ये जाई. एकाच लायब्ररीच्या तीन-तीन प्रती एका डिस्कवर सुखाने नांदत, कोणी कंपाइल करायला बसेपर्यंत.

त्या काळातली एकच एरर सांगायची तर मी ‘आयकॉन्व्ह’ची सांगेन. मजकुराचे एन्कोडिंग बदलणारी ही लायब्ररी, त्यामुळे अक्षरांशी गाठ पडणाऱ्या असंख्य प्रकल्पांना लागणारी. मॅकपोर्ट्स ग्नूची प्रत बसवते; तिची हेडर फाइल ‘आयकॉन्व्ह_ओपन’ या फंक्शनचे नाव गुपचूप ‘लिबआयकॉन्व्ह_ओपन’ करते, आणि तिच्या लायब्ररीत तेच बदललेले नाव असते. ॲपलच्या प्रतीत मात्र मूळ नाव. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण कंपायलरला हेडर सापडे मॅकपोर्ट्सकडे आणि लिंकरला लायब्ररी सापडे ॲपलकडे. पत्रिका एका लग्नाची आणि पोचलो भलत्याच कार्यालयात! लिंकर म्हणे, ‘लिबआयकॉन्व्ह_ओपन’ सापडत नाही. बघावे तर लायब्ररी डोळ्यांसमोर. मग ती पुन्हा इन्स्टॉल करा, मग सगळे मॅकपोर्ट्सच पुन्हा बसवा, आणि एरर जागच्या जागी.

कारण हेडर कुठे शोधायचे हे ‘-आय’ सांगतो, लायब्ररी कुठे शोधायची हे ‘-एल’ सांगतो, आणि या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. शिवाय लिंकर फोल्डरांतून दिलेल्या क्रमाने जातो आणि नाव जुळले की थांबतो. एखाद्या मेकफाइलने आगाऊपणे ‘-एल/यूएसआर/लिब’ आधीच लिहिलेले असले, की मागून जोडलेल्या ‘/ऑप्ट/लोकल/लिब’ला कोणी विचारत नसे. क्रम बदलणे हा एक उपाय. दुसरा, लायब्ररीच्या फाइलचा पूर्ण पत्ताच लिंकरच्या हातात देणे. मला दुसरा आवडतो. दिसायला ओबडधोबड, पण अंदाजाला वाव नाही. क्रमाचे आणखी एक गौडबंगाल होते: एक्सकोड ३पर्यंतचा लिंकर आधी सगळ्या फोल्डरांत डायनॅमिक लायब्ररी शोधे आणि मगच स्टॅटिककडे वळे. म्हणजे तुमची स्वतःची ‘.ए’ फाइल पहिल्याच फोल्डरात असली तरी शेवटच्या फोल्डरातली ‘.डायलिब’ बाजी मारे. एक्सकोड ४ने ते बदलले.

वैतागलेली मंडळी मग ‘डीवायएलडी_लायब्ररी_पाथ’ लावून मोकळी होत. लिनक्सवर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ची सवय, तीच इथे. पण मॅकवरचा प्रोग्राम लायब्ररीचा पत्ता लिंक होतानाच नोंदवून घेतो, आणि हे व्हेरिएबल तो पत्ता डावलून नुसत्या फाइलच्या नावावर जाते. त्यातून झालेल्या एका फजितीला तोड नाही. ॲपलच्या इमेजआयओ फ्रेमवर्कची स्वतःची ‘लिबजेपेग’ आहे. तिच्या नावातले ‘जेपेग’ मोठ्या लिपीत. मॅकपोर्ट्सचीही ‘लिबजेपेग’, सगळी छोट्या लिपीत. आणि मॅकची नेहमीची फाइल सिस्टिम मोठ्या-छोट्या लिपीत फरक करत नाही. झाले! ते व्हेरिएबल लावलेल्या टर्मिनलमधून चित्रांशी संबंध असलेला प्रोग्राम चालवा, तो ॲपलच्या खास फंक्शनच्या नावाने टाहो फोडून कोसळे. आपण कंपाइल करत असलेल्या सॉफ्टवेअरचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसे.

२०१५च्या एल कॅपिटन आवृत्तीने हा खेळ बराच आवरला. सिस्टिमचे सुरक्षित प्रोग्राम सुरू होताना अशी व्हेरिएबल्स काढून टाकली जाऊ लागली. ‘मेक’ शेलला बोलावतो, शेल ॲपलचे, त्यामुळे व्हेरिएबल वाटेतच गळते. ॲपलला तेव्हा भरपूर शिव्या पडल्या. माझ्या मते त्या अस्थानी होत्या.

दरम्यान २००९मध्ये मॅक्स हॉवेलने होमब्रू हे आणखी एक पॅकेज मॅनेजर आणले होते. त्याने ‘/यूएसआर/लोकल’ निवडले, कारण कंपायलर तिथे न सांगताही बघतो. सोय मोठी, आणि उपद्रवही तिथूनच: कधीकाळी कोणत्या तरी इन्स्टॉलरने तिथे टाकलेली लायब्ररी प्रत्येक बिल्डमध्ये नाक खुपसे. ‘ब्रू डॉक्टर’ अशा पोरक्या फाइलींवरून अजूनही कान उपटतो.

नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ चिपचे मॅक आले. त्यांच्यासाठी होमब्रूने ‘/ऑप्ट/होमब्रू’ ही नवी जागा घेतली. फेब्रुवारी २०२१च्या ३.०.० आवृत्तीत तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. इथे कंपायलर आपणहून बघत नाही, पाथ सांगावा लागतो, ही तक्रार तेव्हापासून चालू आहे. मला ती पटत नाही. सांगावा लागतो हेच चांगले आहे. खरा घोळ जुन्या मॅकमधून सगळा डेटा नव्यात उचलून आणणाऱ्यांचा होतो. इंटेलच्या लायब्रऱ्या ‘/यूएसआर/लोकल’मध्ये तशाच येतात, लिंकर त्यांच्यापाशी पोचतो, आर्किटेक्चर जुळत नाही म्हणून फाइल बाजूला टाकतो आणि शेवटी सिम्बॉल सापडत नसल्याचे सांगून थांबतो. लोक ती शेवटची ओळ कॉपी करून शोधत सुटतात. कोणत्या फोल्डरातली कोणती फाइल टाकून दिली, हे लिंकरने त्याच्या थोडे वर, ‘इग्नोरिंग फाइल’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वॉर्निंगमध्ये, नीट लिहिलेले असते.