महिलांचे सपाट-पेडल माउंटन बाइकिंग बूट

सपाट-पेडल माउंटन बाइकिंग बूट म्हणजे डोंगरवाटांवर सायकल चालवताना, पाऊल पेडलला यांत्रिकरीत्या न जोडता केवळ घर्षणाच्या आधारे पेडलवर स्थिर ठेवणारे बूट होत. हे बूट बाहेरून साध्या खेळाच्या बुटांसारखे दिसतात. मात्र त्यांच्या तळाचे रबर, तळाचा ताठरपणा आणि बोटांपुढील संरक्षण ही विशिष्ट हेतूने योजलेली असतात. महिलांसाठी बूट निवडताना या गुणांबरोबर पावलाचा आकार, मापांच्या निरनिराळ्या पद्धती आणि लहान मापांची उपलब्धता यांचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

माउंटन बाइकिंग हा क्रीडाप्रकार 1970 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या मरीन परगण्यात आकाराला आला. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यतीच्या रूपाने तो पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत एकाच वेळी समाविष्ट झाला. शर्यतींत पाऊल पेडलला अडकवून ठेवणारी पेडले रूढ झाली. शिमानो कंपनीने अशी डोंगरी पेडले 1990 मध्ये बाजारात आणली. या पेडलांसाठी बुटाच्या तळाशी धातूची पट्टी बसवावी लागते आणि पाऊल सोडवताना टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते.

सपाट पेडलमध्ये असा जोड नसतो. पेडलच्या रुंद पृष्ठभागावर धातूच्या छोट्या पिना बसवलेल्या असतात. त्या बुटाच्या मऊ रबरात रुततात, त्यामुळे पाऊल घसरत नाही, आणि तोल जाताच ते क्षणात जमिनीवर टेकवता येते. नवशिक्या सायकलपटू, तीव्र उतारावरील सायकलस्वारी आणि उड्यांचा समावेश असलेले फ्रीराइड यांसाठी हे पेडल विशेष उपयुक्त मानले जाते. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल याने 2006, 2007 आणि 2010 या वर्षांची डाउनहिल जागतिक अजिंक्यपदे सपाट पेडलवर जिंकली. त्यामुळे हे पेडल फक्त शिकाऊंसाठी असते हा समज मागे पडला. अमेरिकेतील युटा राज्यात होणाऱ्या रेड बुल रॅम्पेज या फ्रीराइड स्पर्धेत 2024 मध्ये प्रथमच महिला गट ठेवण्यात आला. न्यूझीलंडची रॉबिन गूम्स ही त्याची पहिली विजेती ठरली.

या बुटांच्या विकासात फाइव्ह टेन या कंपनीचा वाटा मोठा आहे. 1985 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव प्रस्तरारोहणातील एका काठिण्यश्रेणीवरून आले आहे. खडकावर पकड घेण्यासाठी तिने तयार केलेले मऊ रबर पुढे सायकलच्या बुटांनाही वापरले गेले. 2011 मध्ये ही कंपनी आदिदासने विकत घेतली.

भारतात महिलांचे माउंटन बाइकिंग राष्ट्रीय स्पर्धांच्या पातळीवर खेळले जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरची प्रणिता सोमण ही या प्रकारातील महाराष्ट्राची परिचित खेळाडू आहे.

रचना आणि गुणधर्म

तळाचे रबर : पकड मुख्यतः रबराच्या मऊपणावर अवलंबून असते. रबराचा कठीणपणा शोअर ए या मापनीवर मोजतात. आकडा जितका कमी तितके रबर मऊ. मऊ रबर पिनांना घट्ट धरते, पण लवकर झिजते. फार मऊ रबरात पाऊल एकदा टेकले की जागेवरच सरकवून नीट करता येत नाही, ते उचलून पुन्हा ठेवावे लागते. नव्याने शिकणाऱ्या स्त्रीला म्हणून मध्यम पकड अधिक सोयीची वाटू शकते.

तळाची नक्षी : पिनांना रुतण्यासाठी सलग रबर लागते. त्यामुळे चवड्याखालची नक्षी उथळ असावी. गिर्यारोहणाच्या बुटांना खोल खाचा आणि उंच कंगोरे असतात. पिना त्या खाचांत नेमक्या बसल्या तर पाऊल चुकीच्या जागी अडकते आणि कंगोऱ्यांवर आल्या तर निसटते. याउलट सायकल खांद्यावर घेऊन किंवा ढकलत चढण चढायची असेल, तर टोकाला आणि टाचेखाली काही प्रमाणात खोल नक्षी उपयोगी पडते. अनेक उत्पादक मध्यभागी उथळ आणि दोन्ही टोकांना खोल अशी मिश्र रचना करतात.

ताठरपणा : तळ फार लवचिक असेल तर तो पेडलच्या कडांवर वाकतो, सर्व भार पावलाच्या कमानीवर येतो आणि लांबच्या स्वारीत तळवे दुखू लागतात. तळ फार ताठ असेल तर पेडलचा अंदाज पावलाला येत नाही. पावलांची बोटे ज्या रेषेवर वाकतात तिथेच बूट थोडा वाकावा आणि कमानीखाली तो ताठ राहावा, ही योग्य स्थिती होय.

संरक्षण : बोटांपुढचे टणक आवरण दगड व खोडांच्या आघातापासून वाचवते. काही बुटांत घोट्याच्या आतल्या बाजूचे अस्तर उंच असते, कारण क्रँकचा दांडा घोट्याच्या हाडावर आदळण्याची शक्यता त्याच बाजूला असते.

महिलांसाठीची मापे

बूट ज्या साच्यावर बेततात त्याला कालबूत म्हणतात. दीर्घकाळ अनेक कंपन्या पुरुषांचेच कालबूत लहान करून आणि रंग बदलून महिलांचे बूट तयार करत. 2001 मध्ये वुंडरलिख आणि कॅव्हानाघ यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्रीचे पाऊल ही पुरुषाच्या पावलाची केवळ लहान प्रतिकृती नसते, लांबी सारखी असली तरी काही भागांचा आकार वेगळा असतो, असे दिसून आले. टाच सैल असलेला बूट चढणीवर वर-खाली होतो, त्यामुळे फोड येतात आणि पेडलवरील पाऊलही हलते. म्हणून महिलांच्या चांगल्या बुटांत टाचेचा भाग तुलनेने अरुंद ठेवतात.

मात्र परदेशी मापे भारतीय पावलांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातील 79 ठिकाणी 1,01,880 व्यक्तींच्या पावलांची मोजमापे घेतली. भारतीय पावले युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे अधिक रुंद असतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यावर आधारित ‘भा’ ही भारतीय मापपद्धती प्रस्तावित झाली आहे. रुंद चवड्याच्या स्त्रीने महिलांचा अरुंद बूट एक माप मोठा घेतल्यास बोटांपुढे पोकळी उरते आणि टाच सैल होते. अशा वेळी रुंद घडणीचा किंवा पुरुषांच्या कालबुतावरील लहान मापाचा बूट अधिक नीट बसू शकतो. ‘महिलांचा’ हे लेबल हा निवडीचा अंतिम निकष नव्हे.

ब्रिटिश मापात एका अंकाचे अंतर सुमारे 8.5 मिलिमीटर, तर युरोपीय मापात सुमारे 6.7 मिलिमीटर असते. अमेरिकी पद्धतीत महिलांचा अंक त्याच लांबीच्या पुरुषी अंकापेक्षा साधारणपणे दीडने अधिक असतो. त्यामुळे ऑनलाइन खरेदीत अंकापेक्षा मिलिमीटरमधील लांबी विश्वसनीय ठरते.

मोजण्याची रीत

पावले दिवसभरात किंचित सुजतात, म्हणून मोजमाप सायंकाळी करावे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करावी आणि अंतर मोजावे. दोन्ही पावले मोजून मोठ्या पावलाचे माप धरावे. स्वारीत वापरायचेच मोजे घालून बूट पाहावेत. बोटांपुढे सुमारे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी, चवडा दाबला जाऊ नये आणि पायऱ्या चढताना टाच उचलली जाऊ नये. शक्य असल्यास पिनांच्या पेडलवर उभे राहून पाऊल वळवून पाहणे ही पकडीची खरी परीक्षा होय.

पिंपळनेर परिसराच्या संदर्भात

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरा नदीकाठचे गाव सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडील रांगांजवळ आहे. येथून सटाण्याकडे जाणारा रस्ता शेलबारी घाटातून आणि नवापूरकडे जाणारा रस्ता चरणमाळ घाटातून जातो. परिसरात बसाल्टचे सुटे दगड, मुरमाच्या वाटा, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि काळ्या मातीची शिवारे आढळतात. बुटाच्या निवडीवर या भूप्रदेशाचा थेट परिणाम होतो.

पावसाळ्यात काळी माती तळाला चिकटून थर धरते. पिना रबराऐवजी चिखलात रुततात आणि सर्वांत महागडा तळही निसटतो. अशा वाटेवर उथळ पण मोकळी, चिखल सहज गळून पडणारी नक्षी बरी. सुट्या मुरमावर वारंवार पाय टेकवावा लागतो, म्हणून टोकाला व टाचेखाली पकड हवी. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो तेव्हा हवेशीर जाळीचा बूट सुखकर वाटतो. परंतु पावसाळ्यानंतर सुकलेल्या गवताची कुसळे त्याच जाळीतून आत शिरतात, तर बोर-बाभळीचे काटे पातळ तळ भेदू शकतात. म्हणून वर्षभरासाठी एकच जोड घ्यायचा असल्यास बारीक विणीच्या वरच्या भागाचा आणि जाड तळाचा बूट अधिक टिकाऊ ठरतो.

ग्रामीण भागात मुलींसाठी सायकल हे प्रथम शाळेचे वाहन असते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात. या सायकलींच्या पेडलांवर पिना नसून रबरी किंवा प्लॅस्टिकचे ठोकळे असतात आणि त्या बहुधा चपलांवर चालवल्या जातात. अशा पेडलवर विशेष बुटाच्या मऊ रबराचा पूर्ण लाभ मिळत नाही. बंद टाचेचा, सपाट तळाचा साधा बूट चपलेपेक्षा निश्चित सुरक्षित असतो. पिनांची पेडले बसवल्यानंतरच विशेष बुटावरील खर्च सार्थ होतो.

पर्याय

विशेष बूट परवडत नसल्यास किंवा लहान मापात मिळत नसल्यास सपाट रबरी तळाचे स्केटबोर्डिंगचे किंवा बॅडमिंटनचे बूट तात्पुरते वापरता येतात. त्यांचे रबर पिनांना बऱ्यापैकी धरते, मात्र बोटांना संरक्षण कमी मिळते आणि तळ लवचिक असल्याने लांबच्या स्वारीत थकवा येतो. धावण्याचे बूट अयोग्य समजले जातात, कारण त्यांचा जाड फेसाळ तळ दबतो आणि पिनांनी फाटतो.

सुरक्षितता आणि देखभाल

पाऊल निसटल्यास फिरणारे पेडल नडगीवर आदळते आणि पिनांनी खोल जखमा होतात. म्हणून शिकताना नडगीरक्षक वापरावेत. जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. उतारावर दोन्ही पेडले समपातळीत ठेवून टाचा किंचित खाली झुकवल्यास पाऊल पेडलवर दाबून राहते. बुटाच्या नाड्या, सलवारीचे पायघोळ किंवा साडीचा काठ उजव्या बाजूच्या साखळीत अडकू नये म्हणून ते खोचून अथवा बांधून ठेवावेत.

ओले बूट कडक उन्हात किंवा चुलीजवळ वाळवल्यास तळाचा डिंक सुटू शकतो. आतले अस्तर काढून, कागद भरून सावलीत वाळवणे योग्य. पिनांच्या जागी रबरात खोल खड्डे पडले किंवा तळाखालचा थर दिसू लागला, की पकड कमी झाली असे समजावे आणि बूट बदलावा.